गुण दिसले की संस्कार, दोष दिसला की रक्त

आज सकाळी घरच्या ग्रुपवर ते दोन जिम पुन्हा अवतरले. तुमच्याकडेही येऊन गेले असतीलच. तान्हेपणीच वेगवेगळ्या घरी दत्तक गेलेले अमेरिकेतले जुळे भाऊ. 1979 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी भेटले आणि पाहतात तर काय, दोघांचं नाव जिम, दोघांची पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव टॉय. खाली ठरलेली ओळ: 'शेवटी रक्त बोलतंच.' इथपर्यंत ठीक होतं, मी बघून सोडून दिलं असतं. पण त्याखाली आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, 'म्हणूनच दत्तक घेताना शंभरदा विचार करावा.'

माझी आत्येबहीण त्याच ग्रुपमध्ये आहे. ती दत्तक आहे आणि हे त्यांना पक्कं माहीत आहे. तिने मेसेज वाचल्याचं दिसत होतं. ती काही बोलली नाही. बाकीचेही बोलले नाहीत, फक्त जोडलेल्या हातांची रांग लागली.

ती बारा-तेरा वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. आत्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि तिने निळ्या काचेची फुलदाणी भिंतीवर आपटली. पुढे कितीतरी दिवस कपाटाखालून बारीक निळे तुकडे निघत होते. त्याच सुमारास माझ्या सख्ख्या भावाने लाथ घालून आमच्या कपाटाचा आरसा फोडला होता. त्याच्याबद्दल घरातलं मत: वयच अडनिडं असतं, जाऊ दे. तिच्याबद्दलचं मत स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात: 'कुणाचं काय रक्त आहे, कुणाला ठाऊक.' ती दाराशी उभी होती. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात सुपली. काचा भरायला आली होती.

तर त्या जिमबद्दल. दोघांची नावं दत्तक आईवडिलांनी ठेवली होती, गुणसूत्रांनी नव्हे. त्यांच्या पिढीच्या अमेरिकेत लिंडा आणि बेटी घरोघरी सापडायच्या. शिवाय एक केस कपाळावर घ्यायचा, दुसरा मागे वळवायचा. एकाला बोलणं जमायचं, दुसऱ्याला लिहिणं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून दिवसभर साम्यं शोधायला सांगा, पंधरा-वीस तरी सापडतीलच.

हो, मान्य, सगळंच योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड या मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाढलेल्या अशा शंभरहून जास्त जोड्या आणि तिळी तपासली आणि 1990 मध्ये मांडलं की बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे 70 टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. घ्या, कबूल केलं. पण त्याचा अर्थ 'तुमची 70 टक्के अक्कल रक्तातून आली' असा होत नाही हो! तो आकडा एकट्या माणसाबद्दल बोलतच नाही, माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. तोही ज्या घरांत ती मुलं वाढली त्या घरांपुरता. दत्तक मूल देताना घर पारखून देतात, अगदी हलाखीच्या घरात सहसा कुणी देत नाही. एरिक टर्कहाइमर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतली जुळी पाहिली, तेव्हा हाच आनुवंशिक वाटा जवळजवळ शून्यावर आला. जमीनच नापीक असेल तर बियाणं कुठलं हे कळणार कसं?

कोलंबियातल्या चार मुलांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. 1988 मध्ये जन्मलेल्या जुळ्यांच्या दोन जोड्या, त्यांतल्या एकेकाची अदलाबदल झाली. मोठे होईपर्यंत कुणाला पत्ता नाही. दोघे राजधानीत वाढले, शिकले. दोघे दूरच्या खेड्यात वाढले, त्यांची शाळा लवकर सुटली. चेहरा तोच, जनुकं तीच, आणि एकाला कॉलेज मिळालं, दुसऱ्याला नाही. यात रक्त नेमकं काय बोललं, ते ग्रुपवरच्या जाणकारांनी सांगावं.

माझी बहीण पुढे वकील झाली. पहिल्या प्रयत्नात, चांगल्या गुणांनी. तेव्हा स्वयंपाकघरातले तेच आवाज बैठकीच्या खोलीत मोठ्याने म्हणाले, 'आत्याचे संस्कार हो!' म्हणजे फुलदाणी फोडली ती कुठल्या तरी अज्ञात बाईने आणि परीक्षा पास झाली आमची आत्या. मग मधल्या मधे या मुलीने स्वतः काय केलं? आणि माझ्या भावाच्या वाट्याला हा हिशेब कधीच का येत नाही? आमच्याकडे तर पिढ्यान् पिढ्या तापट माणसं आहेत, नावांनिशी सांगू का?

'अहो, ते शास्त्र आहे, त्यात वाईट काय' असं म्हणणाऱ्यांसाठी एक शास्त्रीय गोष्ट. न्यूयॉर्कमधली लुईस वाइज सर्व्हिसेस ही दत्तक संस्था आणि पीटर न्यूबाउर नावाचे मनोविकारतज्ज्ञ. 1961 मध्ये जन्मलेली तिळी भावंडं तीन घरांत दिली, एक कामगाराचं, एक मध्यमवर्गीय, एक श्रीमंत. आपल्या मुलाला दोन भाऊ आहेत हे आईवडिलांना सांगितलंच नाही. वर्षानुवर्षं माणसं घरी येऊन त्यांच्या चाचण्या घेत राहिली, चित्रण करत राहिली. मुलांच्या वाढीचा अभ्यास आहे, एवढंच सांगून. एकोणिसाव्या वर्षी, 1980 मध्ये, तिघांची गाठ पडली ती निव्वळ योगायोगाने. 1995 मध्ये त्यांतल्या एकाने आत्महत्या केली. तो अभ्यास पूर्ण स्वरूपात कधी छापूनच आला नाही. कागद येल विद्यापीठात 2065 पर्यंत बंद. भांडून-तंडून थोडे मिळाले, तेही काळ्या पट्ट्या मारलेले. हयात भाऊ 2065 मध्ये 104 वर्षांचे असतील. यांच्या कुतूहलासाठी तीन पोरांचं बालपण तोडलं, आणि उत्तरही कपाटात! हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

जरा पाणी पिऊन आले.

खरं सांगायचं तर जन्माचं काहीच महत्त्व नाही असं मला म्हणायचं नाही. बहिणीबरोबर परवा डॉक्टरांकडे गेले होते. फॉर्मवर रकाना होता: कुटुंबात कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार? तिने सवयीने आडवी रेघ मारली, पेन न थांबवता. मला वाईट वाटलेलं तिला कळलं असावं. म्हणाली, "अगं, मला आईबाप नकोयत, आहेत मला. मला फक्त ही हनुवटी कुणाची ते बघायचंय." विचार करताना ती अंगठ्याने तर्जनीची कड घासत बसते, थेट आत्याच्या यजमानांसारखी. ती लकब कुठून आली हे तिला कधी विचारावं लागलं नाही. हनुवटीचं मात्र विचारायचंय, आणि तो हक्क तिचा आहे. तिचा, आपला नव्हे.

उद्या तिने शोध घेतला आणि एखादं सख्खं भावंड निघालंच, तर तिने नेलं तर मीही भेटायला जाईन. त्या दोघांच्या सवयी किती जुळतात याची यादी करायला मात्र तिथे कुणाला येऊ देणार नाही, आणि ग्रुपवर फोटो तर मुळीच टाकणार नाही.