पान उलटू नका

कल्याण गेलं आणि माझ्या खांद्यामागून आवाज आला, "थांबा, उलटू नका. माझा शेवटचा परिच्छेद राहिलाय."

पुस्तक माझं. म्हणजे भाचीचं. होली जॅक्सनचं 'गुड गर्ल, बॅड ब्लड', २०२०चं. मालिकेतलं हे दुसरं; पहिलं तिच्या मैत्रिणीकडे अडकलेलं. "चालतं रे मामा," म्हणाली. डोंबल चालतं! पहिल्या भागातला गुन्हेगार कोण, हे दुसऱ्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. आता पहिला भाग काय इंग्रजी सुधारायला वाचू?

तर काका. सत्तरीचे, मांडीवर पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"ही पोरगी पोलिसात आहे?"

"नाही, शाळेत. गेल्या वेळी शाळेच्या प्रकल्पासाठीच खुनाचा तपास केला तिने."

"प्रकल्प? आमच्या नातीला थर्माकोलचा ज्वालामुखी करायला लावतात!"

मित्राचा भाऊ बेपत्ता आहे, पोलीस फारसं मनावर घेत नाहीत, म्हणून ही पिप पॉडकास्टवरून त्याला शोधतेय, हे मी सांगून बसलो. नको होतं सांगायला.

"वय काय हरवलेल्याचं?"

"चोवीस."

"चोवीस वर्षांचा घोडा हरवत नसतो हो. पैसे संपले की येतो घरी."

समोरच्या बाईंनी मान डोलावली. त्यांचा पुतण्या तसाच आला होता म्हणे, वर दाढी वाढवून.

कर्जतला गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत काकांचे दोन वडे झाले. मग तेलकट बोट थेट पानावर. "या ओळीत गोम आहे." गोम कसली, डाग आहे. भाचीला काय तोंड दाखवू? घाटात बोगदा आला तसा त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. माझ्यासाठी नव्हे.

"आमचा बन्या फेणे बघा. फुरसुंगीचा पोर. एक सायकल आणि तोंडाने ट्टॉक! झाला तपास."

हे मात्र पटलं, आणि राग आला तो तिथेच. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेची २० पुस्तकं लिहिली. पुढे काय? सोळा वर्षांच्या मुलीसाठी मराठी रहस्यकथा मागितली की दुकानदार बोधकथा काढतो, नाहीतर थेट यशाची गुरुकिल्ली. मग भाची बकिंगहॅमशरमधल्या लिटल किल्टन नावाच्या गावातले खून वाचते. ते गाव मुळात अस्तित्वातच नाही, तरी तिला तिथली गल्लीन् गल्ली पाठ. फुरसुंगी कुठेशी आली, हे मलाच विचारते. राहते हडपसरला!

शिवाजीनगरला काका उठले. "माझा नंबर घ्या. शेवटी कोण निघालं ते कळवा." घेतला. नाही म्हणायला माझी जीभ कधी वळली आहे?

रात्री साडेनऊला मेसेज : 'कळलं का?' दहाला : 'काय झालं?' साडेदहाला नुसतंच प्रश्नचिन्ह. मी अजून १४२व्या, वड्याच्या पानावर. शेवटी चिडून, पुस्तकात औषधालाही नसलेलं नाव ठोकून दिलं : 'मिसेस विल्किन्सन.'

मिनिटभरात उत्तर आलं : 'वाटलंच होतं मला. बाईवर पहिल्यापासून संशय होता.'