काका, ते कृतघ्न नाहीत

परवा आमच्या बेळगावच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक लांबलचक मजकूर टाकला. एस्टोनियाने सोव्हिएत रणगाडा हलवला, रशियन शाळा बंद करायला घेतल्या, रशियन नागरिकांचा मताचा अधिकार काढून घेतला, असं सगळं त्यात होतं. खाली काकांचं स्वतःचं वाक्य: 'हिटलरपासून ज्यांनी सोडवलं त्यांच्याशी असं वागणारी माणसं कृतघ्न. आणि तू त्यांच्यातच राहतीस.' पाच मिनिटांत पुण्याच्या चुलतभावाचं उत्तर आलं: 'चांगलं करतायत. मुंबईतही हेच पाहिजे. मराठी येत नाही तर मत नाही.'

मी अकरा वर्षं एस्टोनियाच्या राजधानीत, ताल्लिनमध्ये राहते. त्या दोघांपैकी कुणी इथे आलेलं नाही. तरी एकाला इथे कर्नाटक सरकार दिसलं आणि दुसऱ्याला स्वतःच्या स्वप्नातला महाराष्ट्र. त्या रात्री मला झोप आली नाही.

काकांचा राग मला कळतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं काढली, लाल बावट्याखाली संप केले. त्यांच्या कपाटातल्या मॉस्कोहून आलेल्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले. गुळगुळीत कागदाच्या 'सोव्हिएत देश'ची कव्हरं माझ्या पाटीपुस्तकांना होती. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो काका आजही डोळे मिटून म्हणतात. ती माया खोटी नाही, आणि एका बाबतीत काका बरोबरही आहेत. हिटलरच्या फौजांना इथून लाल सैन्यानेच हुसकावलं. ताल्लिनपासून तासाभरावरच्या क्लोगा इथे सप्टेंबर 1944मध्ये, जर्मन माघार घेत असताना, सुमारे दोन हजार ज्यू कैद्यांना मारलं गेलं. मी तिथे जाऊन उभी राहिले आहे. ज्यांना हा इतिहास झाकावासा वाटतो अशी माणसं इथेही आहेत, आणि मला त्यांची चीड येते.

पण सोडवणारा परत गेला नाही, काका; 1991पर्यंत हा देश सोव्हिएत संघातच राहिला. आणि तो पहिल्यांदा आला तो 1944मध्ये नव्हे. ऑगस्ट 1939मध्ये मॉस्को आणि बर्लिन यांनी गुप्त करार करून मधले देश आपसांत वाटून घेतले, जून 1940मध्ये सोव्हिएत फौजा इथे शिरल्या, आणि पुढच्याच जूनमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं एका रात्रीत उठवून पूर्वेला पाठवली. तेव्हा हिटलर अजून इथे पोचलाही नव्हता.

दर 25 मार्चला ताल्लिनच्या वाबादुसे चौकात मेणबत्त्या लावतात. 1949च्या त्या दिवसापासून चार दिवसांत वीस हजारांहून जास्त लोक मालगाड्यांत भरून सायबेरियात नेले, त्यांच्यासाठी. त्यात पुरुष कमी, बायका, मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. शेतं सामुदायिक करायची होती आणि गावं घाबरायला हवी होती. माझ्या मुलीच्या लास्तेआएदमधल्या, म्हणजे बालवाडीतल्या, शिक्षिकेची आई सायबेरियात जन्मली. ती बाई हे अगदी साधेपणाने सांगते, आपण 'माझी आई खानापूरची' म्हणतो तसं. पहिल्या वर्षी मी त्या चौकात मेणबत्ती लावली तेव्हा मला काकांच्या कपाटाची आठवण झाली. त्यातल्या एकाही पुस्तकात ही गाडी नव्हती.

मग माणसं आणली गेली. मार्च 1944च्या सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात रशियाच्या सीमेवरचं जुनं नार्वा शहर उद्ध्वस्त झालं. पळून गेलेल्या मूळ रहिवाशांना बहुतेक परतू दिलं नाही. कारखान्यांसाठी रशिया, बेलारूस, युक्रेनमधून कामगार आले, त्यांना नव्या इमारतींत घरं मिळाली. 1934 साली या देशात 88 टक्के लोक एस्टोनियन होते, 1989 साली साडेएकसष्ट. सबंध देश तेरा-चौदा लाखांचा. आपल्या एखाद्या मध्यम शहरात मावेल एवढा. आपली भाषा बोलणारी माणसं जगात एवढीच असतील तर कसं वाटेल, हे दहा कोटींच्या भाषेत जन्मलेल्या माणसाला उमजायला वेळ लागतो. मला पाच वर्षं लागली.

नार्वाला मी बरेचदा गेले आहे. नदीच्या अलीकडे हर्मनचा किल्ला, पलीकडे रशियातल्या इवानगोरोदचा, मधे पूल. तो आता फक्त पायी ओलांडता येतो आणि रात्री बंद असतो. मे 2024मध्ये रशियनांनी नदीतल्या सीमेच्या खुणा, म्हणजे एस्टोनियाने लावलेले वीसहून जास्त तरंगते बोये, रात्रीत काढून नेले. 9 मेला पलीकडच्या काठावर मोठा पडदा लावून विजयदिनाचा जलसा होतो, अलीकडच्यांनी ऐकावा म्हणून. सप्टेंबर 2025मध्ये तीन मिग-31 विमानं वाइंडलू बेटाजवळून आत शिरली आणि बारा मिनिटं आत राहिली. त्या दिवशी मी सेल्वर नावाच्या किराणा दुकानाच्या रांगेत उभी होते. कुणी घाबरलं नव्हतं. पण घरी आल्यावर मी पाण्याचे कॅन मोजले. फेब्रुवारी 2025मध्ये रशियन वीजजाळ्यातून बाहेर पडताना आणले होते, ते अजून बाल्कनीत आहेत. आणि काकांचा तो रणगाडा कुणी फोडला नाही. ऑगस्ट 2022मध्ये नार्वाच्या रस्त्यावरून उचलून वीम्सीच्या युद्धसंग्रहालयात नेऊन ठेवला. रशियन रणगाडे युक्रेनमध्ये घुसले असताना तो रस्त्याकडेला फुलं घेत उभा राहावा, हे लोकांना सोसवेना.

हे सगळं मी काकांना अनेकदा सांगितलं आहे. ते ऐकतात आणि म्हणतात, '1971 विसरलीस काय गं?'

नाही विसरले. युक्रेनवरचा हल्ला सुरू झाला त्या वर्षी ऑफिसात जेवताना एका सहकाऱ्याने विचारलं, भारत रशियाचं तेल का घेतो? मी तावातावाने सुरू झाले. अमेरिकेचं एंटरप्राइझ जहाज बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा आमच्या बाजूने कोण होतं? सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कुणी वापरला? भिलाईचा पोलाद कारखाना कुणी उभारून दिला? पवईच्या आयआयटीला 1958मध्ये यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ कुणी दिले? माझ्या तोंडून काका बोलत होते, तेही शब्दाला शब्द. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, तेव्हा आम्हीही त्याच देशात होतो. तुम्हाला जे मिळालं त्यात आमचाही वाटा होता, फक्त आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

मी गप्प झाले. आपल्याला मिळालेल्या मैत्रीचं मोल दुसऱ्या कुणी भरलं असेल, हे आमच्या घरात कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. आपण रशियाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण ते आभार एस्टोनियन माणसाकडून वसूल करायचा आपल्याला काय अधिकार?

आता चुलतभावाकडे वळते, कारण त्याचा मला जास्त राग आला. 2025मध्ये मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली, तेव्हाही त्याने एस्टोनियाचंच नाव घेतलं होतं. अरे, इथे भाषेवरून कुणी कुणाच्या कानाखाली मारत नाही. इथे भाषेचे वर्ग आहेत, परीक्षा आहे, बी-1 म्हणजे मधली पातळी पास झाल्यावर फीचे पैसे परत मिळतात. सप्टेंबर 2024पासून लास्तेआएद, पहिली आणि चौथी एस्टोनियनमध्ये सुरू झाली, बाकीच्या इयत्ता वर्षावर्षाने, 2030पर्यंत. आणि मुंबईत पोट भरायला आलेला माणूस आपल्याच देशात हिंडतोय. त्याच्यामागे फौज नाही, त्याच्या गावाहून पुलापलीकडे पडदा लावून कुणी धमकी देत नाही. ही तुलना मला सहन होत नाही.

पण काकांनी त्याला दिलेलं उत्तर त्याच्यापेक्षा मला जास्त लागलं. त्यांनी लिहिलं, 'मग आमच्या बेळगावात कन्नडवाले करतात तेही बरोबर म्हण की.'

मी बेळगावच्या मराठी शाळेत शिकले. 1956 साली आम्हाला न विचारता आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना बाबांच्या दंडावर काळी फीत असायची. 2004पासून सर्वोच्च न्यायालयात खटला पडून आहे. मी एस्टोनियाच्या शाळांच्या कायद्याच्या बाजूने आहे, आणि बेळगावच्या मराठी शाळेला कुणी हात लावला तर मी इथून विमानाने येऊन दारात बसेन. या दोन्ही गोष्टी मी मनापासून म्हणते. आम्ही बेळगावात कुणाच्या रणगाड्यामागून आलो नाही, तिथलेच आहोत, एवढाच फरक मी काकांना सांगते, आणि तो खरा आहे.

पण आमच्या मजल्यावरची बाईसुद्धा रणगाड्यामागून आली नव्हती. ताल्लिनच्या लास्नामाए भागातली आमची ही घरं सोव्हिएत काळात कारखान्यांच्या कामगारांसाठीच उभी राहिली. ती एकोणीस वर्षांची असताना रेल्वेने आली, कारखान्यात लागली, इथेच लग्न झालं, इथेच नवरा पुरला. सोव्हिएत संघातून बाहेर पडताना लिथुआनियाने तिथे कायम राहणाऱ्या सगळ्यांना नागरिकत्व देऊ केलं. एस्टोनियाने 1940च्या आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच धरलं, बाकीच्यांनी अर्ज करायचा होता. 1992मध्ये जवळजवळ एक तृतीयांश लोक कुठलेच नागरिक नव्हते. ती अजून राखाडी पासपोर्टवर आहे, म्हणजे कुठल्याच देशाची नागरिक नाही. बहीण इवानगोरोदला. तिला भेटायला ही काकडीच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन नार्वाच्या पुलावर रांगेत उभी राहते.

मार्च 2025मध्ये रीगिकोगूने, म्हणजे इथल्या संसदेने, स्थानिक निवडणुकीत मत कुणाला यासाठी घटना बदलली. रोख रशियाच्या नागरिकांवर होता, पण कायदा 'युरोपीय संघाबाहेरचे' असं म्हणतो, म्हणजे मीही. 2021च्या स्थानिक निवडणुकीत मी इथे पहिल्यांदा मत दिलं होतं. मुलीला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं होतं आणि काकांना फोटो पाठवला होता. 2025च्या ऑक्टोबरात मला मत नव्हतं. राखाडी पासपोर्टवाल्यांना ते शेवटचं होतं. ती देऊन आली आणि जिन्यात मला म्हणाली, 'तुझं का काढलं? तू तर त्यांची भाषा बोलतेस.'

सहकाऱ्यांना मी सांगितलं की कायदा योग्य आहे, युद्ध चालू आहे, शेजारच्या सरकारच्या हातात इथलं एकही मत जायला नको. ते मला पटतं. घरी येऊन मी रडले, तेही खरं आहे. नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवला आहे, भाषेची परीक्षाही झाली आहे. तो दिला की भारताचा पासपोर्ट जातो. तो पासपोर्ट गेला की बेळगावचा माझा खटला कुठल्या तोंडाने लढायचा, हे मला कळत नाही.

गेल्या आठवड्यात ती पेन्शनचं पत्र घेऊन दारात आली. पत्र एस्टोनियनमध्ये. माझ्या मुलीशी ती कोहुके नावाच्या दह्याच्या खाऊच्या, मांजराच्या, बर्फाच्या गप्पा एस्टोनियनमध्ये मारते, चुकत माकत पण मारते. सरकारी कागद हातात आला की मात्र तिला एक शब्द येत नाही. मी स्वयंपाकघरात बसवून तिला माझ्या मोडक्या रशियनमध्ये समजावलं.

बाबा बाजारात कन्नड बोलायचे, कन्नड भजनं म्हणायचे, शेजाऱ्यांच्या लग्नात कन्नडमधून थट्टा करायचे. एकदा एका सरकारी खिडकीवर आतल्या माणसाने त्यांना दरडावलं, 'कन्नडदल्ली माताडी.' कन्नडमध्ये बोला. मी नऊ वर्षांची होते, त्यांचा हात धरून उभी. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, एक शब्द बोलले नाहीत, आणि आम्ही चालत घरी आलो.