‘महाराष्ट्रात यायला परमिट लावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऐरोली-कोपरखैरणेपासून घोडबंदरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परप्रांतीयांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या घेतल्या, पाणी संपवलं, रेशन खाल्लं, त्यांच्या आडून बांगलादेशी शिरले. म्हणून ईशान्येतल्या राज्यांसारखं इथेही प्रवेशाला परमिट लावा, आणि तोवर प्रत्येक सोसायटीने गेटवर आधार कार्ड तपासावं. मेसेज पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांची चीड खरी आहे. पण जाब ज्यांना विचारायचा ते या मेसेजमध्ये कुठेच नाहीत.

नोकऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्या जमिनींवर टॉवर आणि आयटी पार्क आले. पर्मनंट कामगाराची जागा तेव्हा गेली, ती कुणा बिहारी वॉचमनने घेतलेली नाही. जे कारखाने उरले तिथे ठेकेदार बाहेरचा माणूस आणतो, कारण तो बारा तास राबतो, एका खोलीत आठ-दहा जणांत राहतो, युनियन करत नाही, आणि पगार थकला तर भांडायला त्याचं इथे कुणी नसतं. हे थांबवायला संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला होता. ठेकेदाराला परवाना, कामगाराची नोंद, त्याच कामाला स्थानिकाइतकीच मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च, हे सगळं त्यात होतं. तो मनापासून राबवला असता तर बाहेरून माणूस आणणं स्वस्त पडलंच नसतं. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यायचं धोरणही राज्यात आहेच. ते कोणत्या कंपनीने किती पाळलं, हे विचारणारा मेसेज मात्र माझ्याकडे अजून आलेला नाही.

कायदा राबवला की काय होतं, ते तुर्भ्याच्या मार्केटमध्ये बघता येतं. माझे वडील पाटण तालुक्यातून आलेले माथाडी. आधी मशीद बंदर, मग मार्केट इकडे आल्यावर तुर्भे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालांच्या टोळीची नोंद, मजुरी माथाडी बोर्डामार्फत, वर व्यापाऱ्याने भरायची लेव्ही, त्यातून फंड, बोनस आणि दवाखाना. नोंदणी नसलेला स्वस्त माणूस परस्पर लावायची व्यापाऱ्याची सोय गेली. म्हणून पाठीवरचं ते काम साताऱ्या-सांगलीच्या माणसांकडे टिकलं, आणि त्यासाठी कुणाला हाकलावं लागलं नाही.

आणि ‘बाहेरचा’ नक्की कोण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्थलांतरित म्हणून नोंदलेले सुमारे ५ कोटी ७४ लाख लोक होते. त्यांतले परराज्यातले साधारण ९० लाख. उरलेले बहुतेक राज्यातल्या राज्यातच हललेले, लग्न होऊन सासरी आलेल्या बायका त्यांतच आल्या. ठाण्यासारख्या जिल्ह्यात परराज्यातल्यांचं प्रमाण जास्त आहे, हे मान्य. पण नवी मुंबई उभी राहिली ती ९५ गावांतल्या आगरी-कोळी लोकांच्या जमिनीवर. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या घरांच्या दृष्टीने आम्ही घाटावरचेही बाहेरचेच.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण विकत घेतलं. ठाणे महापालिकेकडे स्वतःचं धरण नाही, काळू धरण वर्षानुवर्षं रखडलंय, आणि तरी घोडबंदरला टॉवरमागून टॉवर मंजूर होत गेले. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याच्या प्रश्नावरून तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ चाप लावला होता. परवानग्या देणारे कोण होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पाणी कुणी संपवलं हे विचारायचंच असेल तर शहापूरच्या पाड्यांवर जाऊन विचारा. भातसा, तानसा, वैतरणा त्यांच्या उशाशी आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट तेच बघतात.

रेशनचा मुद्दा लवकर संपतो. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मध्ये माणूस गावचा कोटा इथे उचलतो, तेवढा त्याच्या गावच्या कार्डावरून कमी होतो. तुमच्या कार्डातला दाणाही जात नाही.

परमिटची व्यवस्था १८७३ च्या इंग्रजी अमदानीतल्या नियमातून आलेली आहे आणि ती आज अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये आहे. बाकी देशात कुठेही जायचा आणि राहायचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलेला आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. बंगळुरू-हैदराबादला असलेल्या आपल्या पोरांसाठी तरी तो निकाल नीट वाचा. मराठीचा आग्रह मीही धरतो, बँकेत, रिक्षात, शाळेत. तो धरायला परमिट लागत नाही.

राहिला बांगलादेशींचा मुद्दा. बेकायदा आलेल्याला कायद्याने परत पाठवावं, यावर माझं दुमत नाही. पण ते काम पोलिसांचं आणि केंद्राचं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिरा रोडला राहणारा पश्चिम बंगालचा एक गवंडी बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलला गेला, आणि तो भारतीय असल्याचं निघाल्यावर त्याला परत आणावं लागलं. सगळी यंत्रणा हाताशी असताना ही चूक होते, तर आमच्या कमिटीचे तीन सभासद गेटवर काय ठरवणार? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणून आमच्या सोसायटीने ठेवलेल्या तपासणीला माझा विरोध आहे, आणि तो मी सेक्रेटरींना लेखी दिला आहे.