केस कापायचं यंत्र

अमेरिकेतला मराठी माणूस रविवारी गॅरेजमधून ‘केस कापतोय गं’ असं ओरडला, तर भारतातून आलेली आई आधी त्याच्या टकलाकडे बघते. ही केस डोक्यावरची नव्हे, काडतुसाची. पितळी, स्त्रीलिंगी, आणि उडालेली तरी पुन्हा भरता येणारी.

वाढतात मात्र दोन्ही. बाटलीच्या घाटाची रायफलची केस बार उडाल्यावर फुगते, तिला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, म्हणजे साइझिंग डायमध्ये, दाबली की तिचं पितळ मानेकडे सरकतं. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या केसची कमाल लांबी १.७६० इंच, कापून आणायची १.७५० वर. .३०८ विंचेस्टरची २.०१५, कापून २.००५. सगळा तमाशा पाव मिलिमीटरचा. पण न कापली तर केसाने गळा कापला जातो, अगदी शब्दशः: लांबलेलं तोंड चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, टोकाला टेकून गोळीला आवळतं, तिला सुटायला जागा राहत नाही आणि दाब भलताच चढतो. पिस्तुलाची ९ मिलिमीटर केस या पंगतीत नाही. ती वापरून उलट आखूडच होते. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता न्हावी निवडायचा. इथेच माणसं महिनाभर अडकतात, कारण सगळे किंमत विचारतात आणि हे यंत्र लांबी कुठून मोजतं, बुडापासून की खांद्यापासून (मानेसाठी केस जिथे अरुंद होते तिथून), हे कोणीच विचारत नाही.

ली कंपनीचा गेज-कटर सगळ्यांत स्वस्त. त्याची पिन केसच्या बुडातल्या छिद्रातून जाऊन खाली टेकली की कापणं आपोआप थांबतं. लांबी पिननेच ठरवलेली, त्यामुळे तुमच्या अकलेला वाव नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, आधी काढलेला हवा. बर्डन जातीच्या केसला मध्ये छिद्रच नसतं, तिथे पिनचं काही चालत नाही. शंभर केसपर्यंत मी डोळे मिटून हाच सुचवेन.

हँडलवाला लेथ दिसायला राजबिंडा. त्याची पकड, म्हणजे कॉलेट, केसच्या बुडाची कड धरतो. पण कडा वेगवेगळ्या कारखान्यांच्या, कोणी जाड कोणी बारीक, म्हणून प्रत्येक केस थोडी वेगळी बसते आणि लांबीत ०.००३ इंचाचा फरक सहज पडतो. शिवाय दोनशेव्या केसला मनगट राजीनामा देतं. विल्सन कंपनीचा होल्डर केसला अंगाने धरतो, कडेने नाही. काम देखणं, गती सत्यनारायणाच्या पूजेची.

हजारांचा ढीग असेल तर ड्रिलवर किंवा मोटरवर चालणारा, खांद्यावर टेकणारा कटर घ्या. केस घुसवा, फिरवा, काढा. फक्त साइझिंग आधी, कापणं नंतर. उलट केलंत तर प्रत्येकीचा खांदा वेगळ्या जागी, लांब्याही वेगळ्या, आणि शिव्या यंत्राला.

जाहिरातीत न सांगितलेला भाग कापल्यानंतरचा. तोंडाला आतून-बाहेरून कंगोरे येतात. बाहेरचे काढायचे, आतल्या कडेला हलका उतार द्यायचा, नाहीतर गोळी बसताना तिचा तांब्याचा अंगरखा खरवडते. कापायला लागतो त्याहून जास्त वेळ इथे जातो. हे तिन्ही एका फटक्यात करणारा कटर महाग असतो, पण पैसे टाकायचेच तर तिथे टाका.

आणि मानेकडे सरकणारं पितळ येतं कुठून? बुडाच्या वरच्या भिंतीतून. चार-पाच वेळा कापलेल्या केसमध्ये पेपरक्लिपची तार सरळ करून, टोक वाकवून, आतून बुडाकडून वर ओढून बघा. बुडाजवळ खाच लागली की ती केस भंगारात. तिथे कुठलाच न्हावी उपयोगाचा नाही, पुढच्या बाराला ती तिथूनच तुटू शकते.

राहिला कीस. साइझिंगचं वंगण पुसलं नसेल तर तो केसच्या आत चिकटून बसतो, म्हणून आधी पुसा, नंतर केस उलटी करून ठोका. जो पडतो तो चपलेला लागून स्वयंपाकघरात जातो, आणि मग रात्री तुमच्या यंत्राचा जो कीस काढला जातो त्याची लांबी कुठल्याच कॅलिपरमध्ये मावत नाही.