पाटी लावा, टाकी वाचवा

सोसायटीच्या जिन्याखाली आठ बटणांचा बोर्ड असतो. सगळी बटणं पांढरी, एका मापाची, एका रांगेत. आमच्याकडे तिसरं दिव्याचं, चौथं पंपाचं. परवा दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दिवा लावायला गेले आणि पंप लावून आले. टाकी रात्रभर वाहिली, तीसुद्धा पाणी बंद असलेल्या गुरुवारच्या आदल्या रात्री!

तुमच्याकडे असं झालं तर बोर्डाला मुळीच हात लावू नका. वर पाटी लावा: ‘बटण दाबण्यापूर्वी डोके वापरावे. (असल्यास.)’

अमेरिकन हवाई दलाला पाट्यांचं शास्त्र ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि मग पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या) मिटण्याऐवजी चाकंच मिटायचे. विमान धप्पकन पोटावर! अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके सारखे आणि शेजारी शेजारी. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचं चिमुकलं चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्यावर पाचर. अंधारातही बोटांना कळावं म्हणून. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते. काय हे लाड! पायलटला चार शब्द सुनवले असते तर रबर वाचलं असतं.

दुसरं, लहानांना बोलू देऊ नका. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडला एक डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडापायी तासभर आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत होते, पण आडून आडून. कॅप्टनचं लक्ष चाकांत. विमान कोसळलं, १० माणसं गेली. त्यानंतर तिकडे कॅप्टनला ऐकायला आणि हाताखालच्यांना स्पष्ट बोलायला शिकवू लागले. आपण लोहगावला निघालो आणि मागून लेक म्हणाली, “बाबा, काटा खाली आलाय,” तर “गाडी कोण चालवतंय?” एवढं विचारावं. येरवड्याला गाडी ढकलताना मग ती आपोआप गप्प असते.

राहिली तक्रारपेटी. १९७६ पासून अमेरिकेत पायलट आपलीच चूक नासाला कळवतात. नासा नाव पुसते; मुद्दाम केलेली नसेल तर सहसा दंडही माफ. आमच्या पेटीवर स्वच्छ लिहिलंय: ‘नाव, फ्लॅट क्रमांक व थकबाकी नमूद केल्याशिवाय तक्रार ग्राह्य नाही.’ दोन वर्षांत एक चिठ्ठी नाही. सोसायटी सुरक्षित असल्याचं चेअरमनांनी वार्षिक सभेत जाहीर केलं, तेव्हा वरून पाणी गळत होतं.