नानांची उलटतपासणी

आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये 'इंग्रजी येणारा माणूस' म्हणून माझं नाव कुणी लावलं, कोण जाणे. जाहिरातीच्या कंपनीत नोकरी आहे, एवढंच निमित्त. त्यामुळे शेजारच्या नानांच्या हातात मुलीकडे मँचेस्टरला जायचा व्हिसा पडला आणि त्यांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून इंग्रजी वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक उचलून आणलं, तेव्हा बळीचा बकरा कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

नुसतं शिकवायचं असतं तर निभावलं असतं. पण नानांचा जन्म गेला कोर्टात कारकुनी करण्यात. सोबत कागद जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायचा नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांना अर्थ सांगून भागत नाही, पुरावा लागतो. तोही सकाळी, मी तोंडाला साबण फासून लोकलच्या वेळेशी झुंजत असताना.

"अरे, 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. कुत्री-मांजरं कुठून पडतात?"

"कुठूनच नाही, नाना. धो धो पाऊस, एवढाच अर्थ."

"तो छापलाय इथे. पण कुत्री-मांजरंच का?"

याचं पक्कं उत्तर खुद्द इंग्रजांकडेही नाही. गवताच्या छपरावर झोपलेली जनावरं पावसात घसरून खाली यायची, अशी एक गोष्ट सगळीकडे फिरते, ती शुद्ध थाप आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकात हे शब्द सापडतात, एवढं मात्र छातीठोक सांगता येतं. नानांनी साल समासात टिपून घेतलं.

"२००५ च्या सव्वीस जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला," ते म्हणाले. "कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही फोर्टात खुशाल फायली लावत बसलो होतो. हिंदमाताला आलो तर कमरेएवढं पाणी! तिकडे उपनगरात तबेल्यांतल्या म्हशी बुडाल्या रे. तरी आपण कधी म्हटलं का, की म्हशींचा पाऊस पडला?"

माझी गाडी अर्थातच गेली.

'बॉब्ज युअर अंकल' ज्या दिवशी निघाला, तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे 'की झालंच काम'. बटण दाबा, चावी फिरवा, आणि बॉब्ज युअर अंकल. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अंकल म्हणजे? काका की मामा?"

इंग्रजाला या प्रश्नाचं महत्त्व कळायचं नाही. पण योगायोगाने उत्तर होतं. लॉर्ड सॉल्सबरी पंतप्रधान असताना त्यांनी १८८७ साली आर्थर बाल्फोर यांना आयर्लंडचं मुख्य सचिवपद दिलं. सॉल्सबरींचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब. आणि बाल्फोर त्यांच्या बहिणीचा मुलगा.

"मग मामा!" नाना खूश. "पुढे?"

"पुढे १९०२ मध्ये मामा पायउतार झाले आणि भाचाच पंतप्रधान झाला."

"त्यांच्याकडे मामा-भाचे, आपल्याकडे काका-पुतणे. तरी तिथे भांडणाशिवाय उरकलं म्हणायचं." मग एकदम कारकून जागा झाला. "पण हा वाक्प्रचार तेव्हाच निघाला, याला आधार?"

आधार नाही. छापील पुरावा सापडतो तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. "ऐकीव," नाना म्हणाले आणि त्यावर पेन्सिलीने काट मारली. जाताना मात्र पुटपुटले, "आपल्याकडे कुणाला मामा बनवला, तर त्याचं काम होत नाही, वाजतं."

'ब्रेक अ लेग'बद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. गणपतीच्या कार्यक्रमात लावणी करायला निघालेल्या मुलीला नानांनी जिन्यातच ही शुभेच्छा दिली. मागे तिची आजी उभी होती. आजींना इंग्रजी तेवढंच कळतं, जेवढं तेव्हा कळायला नको होतं.

'बाइट द बुलेट' मात्र पसंत पडला, कारण त्याला कागद होता. चाबकाचे फटके खाताना ओरडू नये म्हणून सैनिक बंदुकीची गोळी चघळायचे, अशी नोंद १७९६ सालच्या इंग्रजी बोलीच्या कोशात आहे. आणि १८९१ च्या कादंबरीत हा प्रयोग करणारा रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये जन्मला तो आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात! "म्हणजे क्रॉफर्ड मार्केटसमोर?" किपलिंग शाळेत त्यांच्या बाकावर बसायचा, असा नानांचा चेहरा फुलला. मग नळाला पाणी नाही, बाइट द बुलेट. लिफ्ट बंद, बाइट द बुलेट. नानींनी कारल्याची भाजी वाढली, तेव्हाही त्यांनी ताटाकडे बघून तेच म्हटलं. नानींना अर्थ विचारावा लागला नाही.

अशा पुस्तकांची गंमत अशी, की ज्याची रोज गरज पडते ते त्यांत नसतं. नाना मँचेस्टरला पोचले आणि पहाटे अडीचला माझा फोन वाजला. त्यांचे रात्रीचे दहा.

"अरे, इथे जो भेटतो तो 'यू ऑलराइट?' विचारतो. मी आजारी दिसतो का?"

तिथे ते आपल्या 'काय, कसं काय'सारखं असतं, उलट तेच म्हणून पुढे जायचं, हे मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. नानांनी पोस्टमनला बीपी, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि नानींचा गुडघा, सगळं तारीखवार सांगून टाकलं होतं. पोस्टमन, म्हणे, थंडीत कुडकुडत ऐकत होता.

"आणि पावसाला इथे कुत्री-मांजरं कुणी म्हणत नाही. जावई म्हणतात, 'इट्स चकिंग इट डाउन'. कोण चक करतं?"

"नाना, अडीच वाजलेत."

"बरं, एकच. दूध आणायला गेलो, तर दुकानातली बाई सुटे पैसे देताना म्हणाली, 'थँक्स, लव्ह'."

तिकडे उत्तरेत पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना असंच म्हणतात, मी सांगितलं.

"हे जरा हिला सांग," नाना आवाज खाली आणून म्हणाले, आणि फोन नानींकडे गेला. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. उत्तरेकडची पद्धत, त्यात मनातलं काही नसतं, बस ड्रायव्हरही म्हणतो.

"असेल, असेल," नानी म्हणाल्या. "उद्यापासून दूध मी आणणार."