बसला जागा हवीच, पण ती बागेतून का?

शहरातला राखीव बसमार्ग पुढे न्यायचं ठरलं आणि वाटेत मोठी बाग आली, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण सार असं असतं: "बागेतून बस गेली तर बिघडलं काय? एवढासा पट्टा जाणार. कुणाचं घर पडत नाही, दुकान हलत नाही. झाडं दुसरीकडे लावता येतात. रस्त्यावर जागाच नाही, आणि बागेतून बस सुसाट जाईल. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडने हेच केलं. ज्यांना मुळात बसच नको, ते झाडांचं नाव पुढे करतात."

मी बसने फिरणारी बाई आहे. बसला स्वतःची वाट मिळावी म्हणून मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे, पुढेही भांडेन. हा मजकूर मला पाठवणारे बहुतेक जण माझ्याच बाजूचे आहेत. म्हणून तर तो वाचून जास्त त्रास होतो.

"कुणाचं घर पडत नाही" या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते खरं आहे. बागेत कुणी राहत नाही. जमीन आधीच सार्वजनिक मालकीची, त्यामुळे भूसंपादन नाही, मोबदला नाही, कोर्टकचेरी कमी. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला बाग नेहमीच सगळ्यांत सोपी आणि स्वस्त दिसणार. पण हा निकष एकदा मान्य केला की प्रत्येक शहरातल्या प्रत्येक रस्त्याची, नळाची, तारेची वाट बागेतूनच जाईल. कारण दर वेळी उत्तर तेच येईल.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात नेमकं हेच घडत होतं. तिथलं ओव्हर्टन पार्क ३४२ एकरांचं. त्यातली २६ एकर जागा घेऊन सहा पदरी महामार्ग न्यायचा बेत होता, आणि त्या रस्त्यामुळे बागेतलं प्राणिसंग्रहालय उरलेल्या बागेपासून तुटणार होतं. नागरिक कोर्टात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिला. त्याआधी १९६६ मध्ये तिथे कायदा झाला होता: दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा पर्याय असेल, तर वाहतूक प्रकल्पासाठी सार्वजनिक उद्यानाची जमीन घेता येणार नाही. सरकारी बाजूचं म्हणणं, खर्च आणि लोकांची गैरसोय हेही तराजूत घालू द्या. न्यायालयाचं उत्तर साधारण असं होतं: खर्च आणि विस्थापन तोलायला बसलं तर पारडं दर वेळी बागेच्या विरोधातच झुकणार. मग वेगळा कायदा करण्याची गरजच काय होती? तो महामार्ग अखेर बागेतून गेला नाही.

तो सहा पदरी महामार्ग होता आणि हा दोन पदरी बसमार्ग, हा फरक मला मान्य आहे. पण युक्तिवाद तोच आहे. बाग स्वस्त पडते, कारण तिच्या बाजूने मोबदला मागायला कुणी उभं राहत नाही.

आता "एवढासा पट्टा". कागदावर बसच्या दोन लेन म्हणजे साधारण सात मीटर. त्यात दिवे, पाणी वाहून नेणारी गटारं, कडेची पट्टी मिळवा, थांब्याच्या जागी फलाट मिळवा. पण रुंदीपेक्षा मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते, आणि ती सादरीकरणाच्या रंगीत चित्रात कधीच दिसत नाही. ती म्हणजे कुंपण. ताशी ५० किलोमीटरने येणारी बस सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. लहान मूल किंवा काठी टेकत चालणारे आजोबा सेकंदाला मीटरभर चालतात, म्हणजे सात मीटर ओलांडायला सात सेकंद. तेवढ्यात बस जवळपास १०० मीटर आलेली असते. म्हणून जिथे बस खरोखर वेगात जाणार, तिथे दोन्ही बाजूंना जाळी लागते आणि ओलांडायला ठरावीक जागा लागतात. कुंपण नको असेल तर बसला सायकलच्या वेगाने चालवावं लागेल, आणि मग सुसाट जाण्याचा मुद्दाच संपतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. बागेचा पट्टा जात नाही, बागेचे दोन तुकडे होतात. एका तुकड्यात झोपाळे, दुसऱ्यात मैदान. इकडे बाकावर बसलेल्या आईला तिकडे पडलेल्या पोराकडे धावत जायला आधी फाटक शोधावं लागतं.

मुळांचंही तसंच. झाडाची मुळं आपल्याला वाटतं तशी सरळ खाली जात नाहीत. बहुतांश मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभरात आडवी पसरतात, पानांच्या घेरापलीकडेही जातात. बांधकामाच्या जागी झाडं वाचवण्याचे जे ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मानक नियम आहेत, ते खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवायला सांगतात. खोडाचा व्यास ८० सेंटिमीटर असेल तर साडेनऊ मीटरहून जास्त. म्हणजे सात मीटरच्या खणलेल्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ दहा-दहा मीटरपर्यंतची मोठी झाडं धोक्यात येतात. "इतकी झाडं तोडणार" हा आकडा फक्त वाटेत उभ्या असलेल्या झाडांचा असतो. ज्यांची अर्धी मुळं कापली गेली आणि जी पुढच्या चार-पाच वर्षांत शेंड्याकडून वाळत गेली, ती त्या यादीत कधीच नसतात. खोडावर रंगाने आकडा घातलेलं झाड निदान मोजलेलं तरी असतं.

"झाडं दुसरीकडे लावता येतात" याला मी फार जागा देणार नाही. झाड उपटून नेताना मुळांचा मोठा भाग मागेच राहतो. जितकं झाड जुनं, तितकं ते सोसणं कठीण. आणि नवी रोपं शहराच्या कडेला कुठेतरी लावली, तरी ज्या वस्तीची सावली गेली त्या वस्तीला ती परत मिळत नाही.

खरा मुद्दा पुढचा आहे: "रस्त्यावर जागाच नाही." या मजकुराचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि तेच सगळ्यांत कच्चं आहे.

बागेला समांतर रस्ता असतोच. त्यावर बहुधा चार किंवा सहा लेन असतात, कडेला गाड्या उभ्या असतात. म्हणजे जागा आहे, फक्त ती दिलेली आहे. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार, साधारण तीन मीटर रुंदीच्या एका लेनमधून मिश्र वाहतुकीत तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीची लेन बससाठी राखीव ठेवली तर ४,००० ते ८,०००. जागा कमी असेल, तर ती सगळ्यांत कमी माणसं वाहणाऱ्या वापराकडून काढून घ्यायला हवी. आपण ती झाडांकडून काढतो, कारण झाडं हॉर्न वाजवत नाहीत.

जगातले नावाजलेले बसमार्ग कसे झाले ते पाहा. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ मध्ये मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसला वाट दिली. बोगोताचं ट्रान्समिलेनिओ डिसेंबर २००० मध्ये सुरू झालं, तेही काराकास अव्हेन्यूसारख्या हमरस्त्यांवर. इस्तंबूलची मेट्रोबस २००७ पासून महामार्गाच्या मधल्या भागातून धावते. ब्रिस्बेनचा आग्नेय बसमार्ग महामार्गाला लागून गेला. केंब्रिजचा २०११ चा बसमार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर बांधला. यातल्या कुणालाही बसला वेग देण्यासाठी शहरातली भरलेली बाग चिरावी लागली नाही.

गाड्यांची एक लेन काढली तर शहर ठप्प होईल, ही भीती मी समजू शकते. पण ती तपासून पाहिलेली आहे. ११ देशांतल्या सुमारे ७० ठिकाणी रस्त्याची जागा कमी केल्यावर काय झालं, याचा ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी धांडोळा घेतला. आजूबाजूचे रस्ते धरूनही निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्क्यांहून जास्त घटली. लोक वेळ बदलतात, वाट बदलतात, काही फेऱ्या टाळतात, काही जण बसमध्ये चढतात. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला होता. लोकांनी उलट मागणी केली, की आहे तीही वाहतूक बंद करा. १९५८ मध्ये प्रयोग म्हणून बाग गाड्यांना बंद झाली. भोवतालचे रस्ते तुंबतील असं भाकीत होतं, ते खोटं ठरलं. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने तर २००३ पासून शहराच्या मध्यातला उन्नत महामार्गच पाडायला घेतला, २००५ पर्यंत त्या जागी ओढा मोकळा करून काठाने चालायची वाट केली, आणि मधल्या काळात, २००४ मध्ये, बसव्यवस्था नव्याने बांधली, रस्त्यांच्या मध्यावर बसच्या लेन आखल्या. बस आणि हिरवळ दोन्ही वाढल्या, जागा दिली ती गाड्यांनी.

हे नेहमी जमतंच असं नाही. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला ५.८ किलोमीटरचा बसमार्ग गाडीवाल्यांच्या रोषापुढे टिकला नाही, २०१६ मध्ये तो उखडला गेला. गाड्यांकडून लेन घेणं राजकीयदृष्ट्या अवघडच आहे. पण मग तसं स्पष्ट म्हणा: "जागा आहे, पण मागायची हिंमत नाही." त्यावर बोलता येईल. "जागाच नाही" म्हटलं की बोलणंच खुंटतं.

वेळेचा हिशेब कुणीही घरी बसून करू शकतं. बागेतला एक किलोमीटर ताशी ५० ने ७२ सेकंदांत होतो. कडेच्या रस्त्यावर ताशी २० ने १८० सेकंद लागतात. वाचले १०८ सेकंद. आता गर्दीचा एक थांबा घ्या. वीस माणसं पुढच्या एकाच दारातून, पैसे देत चढतात. माणशी तीन सेकंद धरले तर बस मिनिटभर उभी. तिकीट आधीच काढलेलं, फलाट बसच्या पायरीच्या उंचीला आणि सगळी दारं उघडी असतील, तर हेच वीस सेकंदांत उरकतं. अशा तीन थांब्यांवर १२० सेकंद वाचतात, एकाही झाडाला हात न लावता. शिवाय बागेतल्या थांब्याला उतारू कुठून मिळणार? लोक थांब्यापर्यंत साधारण ५०० मीटर चालतात. तेवढ्या वर्तुळात ७८ हेक्टर जागा येते. त्यातली निम्मी बाग असेल तर ३९ हेक्टरांत घर नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. बागेत येणाऱ्यांची सोय होईल हे खरं, पण ती बागेच्या फाटकाशी थांबा दिला तरी होते.

राहिलं ॲडलेड. हे उदाहरण चांगलं आहे, पण ते पूर्ण सांगायला हवं. तिथला १२ किलोमीटरचा ओ-बान हा राखीव बसमार्ग १९८६ मध्ये सुरू झाला, १९८९ मध्ये पुरा झाला. तो टॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून जातो हे खरं. पण तो नदीकाठ तेव्हा दुर्लक्षित होता, तिथून महामार्ग काढायचा जुना बेत होता, आणि बसमार्गासोबत नदीकाठाला सलग उद्यान तयार केलं गेलं. तिथे बसमुळे बाग वाढली. शहराच्या मध्यभागाला वेढणारा हिरवा पट्टा मात्र वेगळा. तो १८३७ च्या मूळ नगररचनेतला आहे, त्याच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, २००८ पासून तो राष्ट्रीय वारसा यादीत आहे. बसमार्ग त्या पट्ट्यापलीकडे शहरात नेताना मोठा वाद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये जे सुरू झालं त्यात बागेच्या कडेच्या रस्त्यावर मधोमध बसच्या लेन आहेत, आणि पुढे बागेखालून सुमारे ६५० मीटरचा बोगदा आहे. बांधकामाच्या काळात बाग खणली गेली, बोगद्याच्या तोंडाशी जागा गेली, हे नुकसान झालंच. पण वर आज गवत आहे, जाळी नाही. ज्यांना ॲडलेडचा दाखला द्यायचा आहे त्यांनी बोगद्याचा खर्चही आपल्या प्रस्तावात मांडावा.

शेवटचा आरोप मला वैयक्तिक लागतो: विरोध करणारे बसचे शत्रू. झाडांच्या आडून बसला विरोध करणारे असतात, मी त्यांना भेटले आहे. आपल्या दारातली पार्किंगची जागा जाईल या भीतीने त्यांना अचानक पक्ष्यांची आठवण येते. पण त्यांना ओळखणं सोपं आहे. त्यांना विचारा, "बागेऐवजी शेजारच्या रस्त्यावरची एक लेन बसला दिली तर चालेल?" ते गप्प होतात. हाच प्रश्न बागेतून बसमार्ग काढू पाहणाऱ्यांनाही विचारा.

जाहीर सुनावणीला जाणार असाल तर एकच कागद मागा: त्याच दोन टोकांमधला, समांतर रस्त्यावरची एक-एक लेन बसला दिलेला आराखडा, खर्च आणि प्रवासाच्या वेळेसकट. बागेतल्या पर्यायाची चित्रं भिंतीवर लावलेली असतात. हा कागद टेबलावर आहे का, नसेल तर तो काढलाच नाही की काढून बाजूला ठेवला, हे नाव घेऊन, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने विचारा. मी विचारणार आहे.